खुंटावरचा ठसा

नाही नाही, बसा ना भाऊ — बाक सरकारी हाय, माहा थोडीच हाय? तिकडं ऊन येते, इकडं सरका. कामठीचे म्हनले ना तुमी? लाकूड कापाच्या आरा मशीनचं लायसन? मंग तुमाले संध्याकाळ होईन. मी सावनेरच्या पयल्या गाडीनं येतो, मले बी संध्याकाळच होते. साहेब जेवाले गेले. आमचं काम त्याईच्यापाशीच हाय — चवकशी. आमरझरीचा डोंगर खचला ना गेल्या पावसाळ्यात, आयकलं असन. हो, तेच गाव. मी तिथलीच, कौसल्या. चुकचुक नोका करू, मले आता काही वाटत नाही. पयले वाटे. आता कोनी इचारलं का सांगतो — जसं दुसऱ्याच्याच गावचं.

झाडं कोनं तोडली म्हनता? आमीच तोडली. मंग काय? दुष्काळाच्या साली दुसरं काम कुठं होतं? जंगल खात्यानं उतारावरचे साग तोडाचं काम काढलं, सारं गाव कुऱ्हाडी घेऊन गेलं. माहा मालक नत्थू टोळीचा मेट होता, सगळ्याईच्या म्होरं. चोरून नाही, दिवसाढवळ्या. जंगलाचा नाकेदार, चंपतराव, हातोडा घेऊन चाले — झाडाच्या बुडाशी ठन् करून सरकारचा ठसा मारे, मंगच कुऱ्हाड लागे. बुडाशीच काहून? तं झाड नेलं तरी ठसा खुंटावर राह्यते. ठसा हाय — सरकारनं तोडलं. ठसा नाही — चोरीचं. एवढ्या उतारावर तोडाचंच नसते म्हनतात — आता म्हनतात! तवा एकबी साहेब वर चढून पाहाले आला नाही. जीप खाली, साहेब जीपमंदी.

मंग पाऊस लागला. मी निंदाले गेलती, नत्थू घरावर चढून कवेलू नीट करून राह्यला होता. वापस आली तं घर कुठं हाय तेच समजेना. चिखल, गोटे, आन् खुंटं — डोंगरावरचे सारे खुंटं मुळ्याईसकट खाली आलते. नत्थूच्या छातीवर एक होता. चौघाईनं उचलला. त्याच्यावर ठसा होता भाऊ, चांगला गोल. चिखल मीच पुसला पदरानं. काहून पुसला — काय मालूम. नत्थूचं तोंड पुसाचं सोडून मी खुंट पुसत बसली.

आता साहेब काय म्हनतात — त्या उतारावर तोडाचा हुकूमच नव्हता. चंपतराव म्हनते, मी तिथं ठसा मारलाच नाही. हजेरीपट पुरात गेला म्हने. मंग तोडली कोनं? मेट कोन होता? नत्थू. नत्थूनं चोरून झाडं तोडली, म्हनून डोंगर आला, म्हनून एवढी मानसं मेली — असं लिहून राह्यले. सरपंच गणपतराव घरी आले, म्हने, कौसल्या, मेल्या मानसाले काय जेल होते? देऊन टाक अंगठा, गावाले वसाले नवी जागा भेटन. साऱ्याईनं देल्ला. वाईट नाहीत हो लोकं, पोराबाळाईची हायेत. माहाच राह्यला. तो आज घेतीन.

साहेबानं इचारलं ना — पयल्याच दिवशी इचारलं — बाई, ठसा होता तं खुंट दाखव. मी म्हनलं, मालूम नाही कुठं गेले. ... मालूम हाय ना. काहून नाही मालूम? साऱ्या गावाची एकच तेरवी केली आमी. सरपन सारं चिखलात, वर डोंगरात जाची कोनाची हिंमत नाही, आन् खुंटं तं अंगनाअंगनात पडले होते. फोडले, घासलेट टाकलं, पेटवले. लय धूर केला त्याईनं. ठशाचे होते नव्हते तेवढे सारे गेले, नत्थूच्या छातीवरचा बी त्यातच. त्याच्यावरच भात शिजला. मी बी खाल्ला — भूक लागलती. खुंट बी जपून ठेवा लागते, हे तवा कोनाले मालूम? आता आत जाऊन खरं सांगतलं तं म्हनतीन, सरकारी लाकूड जाळलं — साऱ्या गावावर केस. नाही सांगतलं तं नत्थू चोर, आन् चोरच नाही, गावाले मारनारा. तुमीच सांगा मी काय — नोका, नोका सांगू. तुमाले लायसन पाह्यजे हाय. तुमाले सांगाचंच नव्हतं हे. कोनालेच नव्हतं सांगतलं. कसं काय निंघालं तोंडातून.

थांबा — आले वाटते साहेब. चपराशी पुकारून राह्यला, आयका. माह्या मालकाचंच नाव पुकारते, दर डाव. म्या सांगतलं त्याले, बाबा, तो मेला — तं म्हने, कागदावर तेच हाय बाई, मी काय करू. मंग मी मुकाट्यानं उठून जातो. ... पुन्हा पुकारलं. आता नाही गेलं तं गैरहाजर लावन. पाय घ्या भाऊ जरासे, जाऊ द्या मले. — हो जी! आलो जी! हाजीर हाय. नत्थू हाजीर हाय.