पहिला घोट कुणाचा?

...आणि मुख्य म्हणजे बाटली आपली, आपणच न्यायची! तुम्हाला सांगतो, आपलं मटण देऊन खाणावळीत शिजवून घ्यायची रीत आपल्या कोल्हापुरात जुनी, ती मला समजते, तिच्यावर मी परिषदेत निबंधही वाचलाय, पण वाइन? ती तर तयारच असते! मग हॉटेलवाला करणार काय? तर म्हणे, उघडून देणार!

पण बोलायचं कुणापुढे? आमच्या राजनंदिनीचं लग्न तिथे अडलेलं! मुलगा तिने स्वतः निवडलेला, उत्तम; त्याचे वडील विजयसिंह मात्र पुण्याचे, "आधी माणसं बघतो, मग होकार" म्हणणारे, आणि माणसं बघायला त्यांनी निवडलं हे हॉटेल. लेकीने बजावलं, "बाबा, आज लोकसाहित्य नको. प्लीज." म्हणजे मी उरतो किती? असो. बाटली आपली, आपणच न्यायची. नेली.

सोबत आक्का, माझी थोरली बहीण. राजनंदिनीची आई गेल्यावर पोरीला तिनेच वाढवलं. उभा जन्म शाहूवाडीत गेलेला. तिच्या लेखी घरात बाटली येते ती एकाच कारणाने, बांधावरच्या म्हसोबासाठी. गाडीत तिने विचारलंही, "आज कुठला देव रं?" मी म्हणालो, "देव नव्हे आक्का, पावणं हायत." तिला त्यात फारसा फरक जाणवला नाही, आणि माझं विश्लेषण कमी पडलं ते इथेच!

वेटरने बूच काढलं, एकाच पेल्यात घोटभर ओतली आणि अदबीने थांबला. यजमानाने म्हणे चव बघायची! पण आक्काने काय पाहिलं? पहिला घोट वेगळा काढला, म्हणजे तो देवाचा. "व्हय की, ह्यास्नीबी रीत हाय म्हणायची!" असं म्हणत ती पेला घेऊन दाराशी गेली, डोक्यावर पदर घेतला आणि सोडली धार... पांढऱ्याशुभ्र गालिच्यावर! वर खणखणीत आवाजात, "म्हसोबाराया, पोरीचं जुळू दे. सासरा जरा कडू दिसतोय, त्यालाबी सांभाळ!"

बाटली आपली, आपणच न्यायची, पण गालिचा त्यांचा हो! सगळं हॉटेल थिजलं. राजनंदिनीने डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, गेलं स्थळ... तोच विजयसिंह उभे राहिले. "वॉव! काय ऑथेंटिक आहे! आक्का, हे लग्नात हवंच. स्टेजवर, फुल लायटिंगमध्ये!"

आक्का बावरली. "स्टेजवर कुठला देव असतोय वो, पावणं?"

"देव कशाला? ड्रोन आहे ना!"

आता मी बोलायला हवं होतं की नाही? विधी आणि त्याचा देखावा यांतला भेद, धार सोडणाऱ्याची श्रद्धा, सगळं जिभेवर आलं होतं! पण राजनंदिनीने डोळे उघडले होते, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावली. माझ्याकडे बघून आक्कानेही.

लग्न ठरलं, मंडळी. आता म्हसोबाला कितव्या रांगेत बसवायचं, तेवढं विजयसिंहांना विचारायचं राहिलंय.