काठाला लागलेला डोंगा

गुरुपादप्पा : मास्तर, आधी बाहेर या त्यातून. मग काय बोलायचं ते बोला.

मार्तंड : आलो. पण बघितलंत ना, अप्पा? सगळं पाणी उपसून टाकलं. तळ हाताला कोरडा लागतोय. तरी डोंगा कडेपर्यंत बुडालेला.

गुरुपादप्पा : बघून राहिलो.

मार्तंड : रिकामा डोंगा टोपलीसारखा वर तरंगायला हवा. हा बाजाराच्या दिवशी भरून निघाल्यासारखा दिसतो. लाकूड पाणी प्यायलंय, दुसरं काय.

गुरुपादप्पा : तुम्ही आत उभेच होता. बसला का न्हाईत?

मार्तंड : फळ्या ओल्या होत्या.

गुरुपादप्पा : आत्ताच कोरड्या म्हणलात.

मार्तंड : जागा नव्हती, अप्पा.

गुरुपादप्पा : काय म्हणलात?

मार्तंड : असं वाटलं खरं. बसायला वाकलो आणि तोंडातून निघालं, 'जरा सरका.' हसू नका.

गुरुपादप्पा : हसून कुठं राहिलो? बैलं हसली का सकाळी? दोन जोड्या जुंपल्या, पाण्यात पाय घालीनात.

मार्तंड : बैल बदलू. पुढच्या आठवड्यात तालुकदारसाहेब नांदेडला आपल्या मंडळाचं जुन्या वस्तूंचं दालन उघडणार. 'मंडळ' शब्द कानावर पडला की सरकारला राजकीय सभाच दिसते. किती खेटे घातले मी! या तळ्यावरच्या जुन्या डोंग्यांची आठवण जपणार, एवढंच करणार, असं लिहून दिलं तेव्हा परवानगी मिळाली. आणि दार उघडल्यावर आत काय? चार वल्ही आणि दोराची वेटोळी?

गुरुपादप्पा : दालनासाठी माझी वखार दिली मी मंडळाला. वल्ही गोळा केली मी. पण ह्यो डोंगा मागितला न्हवता.

मार्तंड : तळ्याभोवती सडक झाली, डोंगे चुलीत गेले. पलीकडच्या पेठेला ज्वारीची पोती नेणारा हा एवढाच उरलाय.

गुरुपादप्पा : उरला कशानं? ह्याच्या लाकडाला हात लावायची कुणाची छाती झाली न्हाई म्हणून. चार सालाखाली वादळात उलटला. सकाळी आपला आपण सरळ होऊन काठाला आला, रिकामा. माझा धाकटा भाऊ होता त्याच्यात. शरणप्पा. एकाचंबी प्रेत सापडलं न्हाई, मास्तर. एकाचंबी.

मार्तंड : माहीत आहे. म्हणून तर जपायचा.

गुरुपादप्पा : शिवा, शिवा. ती बघा, आली.

मार्तंड : कोण?

गुरुपादप्पा : नीलाबाई. ह्याच्यासंगं बुडाला त्या नावाड्याची बायको. रोज येती.

मार्तंड : या बाई. खराटा कशाला आणलात?

नीलाबाई : झाडायला. सरा मास्तर, पाय काढा दोरावरचा.

मार्तंड : हा डोंगा आता मंडळाचा आहे. नांदेडला नेतोय.

नीलाबाई : भरला डोंगा कसा न्याल?

गुरुपादप्पा : भरला?

नीलाबाई : सावकार, तुमचा जलम ह्या काठाला गेला. डोंगा टेकला की काय करत होता तुम्ही?

गुरुपादप्पा : बसून ऱ्हायचं. नावाडी 'उतरा' म्हणंल तवर. सगळी एकदम उठली तर कलंडतो.

नीलाबाई : मग? टेकला त्यो. हाळी कुणी दिली?

मार्तंड : बाई, काहीतरी काय बोलता? एवढंच ना? हा घ्या. उतरा! उतरा हो सगळे!

डोंगा :

मार्तंड : झालं समाधान?

नीलाबाई : ही काय शाळा हाय? हाळी नावाड्याची लागती. न्हाईतर त्याच्या घरच्याची. त्यांना हिवताप यायचा तवा वल्हं माझ्या हातात असायचं.

गुरुपादप्पा : म्हंजे तुला देता येती?

नीलाबाई : येती.

गुरुपादप्पा : आन् दिली न्हाईस? माझी अव्वा अजून रातचं दार लावू देत न्हाई. माझं लेकरू शरण्या येईल म्हणती. आन् तू त्याला हितं बसवून ठेवलंस? चार साल?

नीलाबाई : ओरडा. हक्क हाय तुमचा.

गुरुपादप्पा : का पण?

नीलाबाई : नावाडी शेवटी उतरतो, सावकार. सगळी गेली की त्यो. मग कुठं जाईल, मला काय ठावं? सकाळी येते, झाडते, दोन गोष्टी बोलते. शेळी व्याली, कूड पडला. तेवढंच हाय मला.

गुरुपादप्पा : ह्यांनी नांदेडला नेला तर तेबी जाईल.

नीलाबाई : (खराटा खाली ठेवते.)

गुरुपादप्पा : वखारीत कोण बोलंल त्यांच्याशी? माझे हमाल? हात जोडतो, बाई. माझ्या भावाला तेवढा सोड.

नीलाबाई : मास्तर, मागं व्हा. बायामाणसं आधी उतरत्यात. उतरा गऽ! सावकाश. लेकरू पुढं द्या.

डोंगा :

(डोंगा काठाच्या बाजूला कलतो, सावरतो, जरा वर येतो. पुन्हा कलतो.)

मार्तंड : वारा आहे.

गुरुपादप्पा : तळं बघा. एक सुरकुती न्हाई पाण्यावर.

नीलाबाई : आता गडी. उतरा! एकेक. तुमचं पोतं नंतर घ्या हो, कुणी खात न्हाई.

डोंगा :

गुरुपादप्पा : शरण्या! शरण्या, घरला जा रे! अव्वा जागी हाय!

मार्तंड : अप्पा, खाली बसा. पाणी देऊ का?

गुरुपादप्पा : माझ्या अंगाला घासून गेलं कुणीतरी. ओलं. सदरा बघा माझा.

मार्तंड : बघितला. अप्पा, डोंगा वर आला. पुढचं टोक तर पार उचललंय. फक्त मागचं खाली आहे, चार बोटं.

गुरुपादप्पा : वल्हं मारायची जागा हाय ती.

मार्तंड : एवढ्यानं अडत नाही. एका माणसाचं वजन बैल सहज ओढतील. असाच चढवू गाड्यावर.

गुरुपादप्पा : मास्तर, काय बोलून राहिलात, कळतंय का?

मार्तंड : का? डोंग्याबरोबर नावाडीही आला तर... मी काय म्हणालो आत्ता?

नीलाबाई : गाड्यावर बांधून न्याल त्यांना?

मार्तंड : बाई, तसं नव्हतं म्हणायचं मला.

नीलाबाई : उन्हात. लोकं बघायला येतील.

मार्तंड : तुम्ही नको म्हणालात तर नाही नेत. राहू द्या इथेच. तालुकदारसाहेबांना काय सांगायचं ते मी बघतो.

नीलाबाई : आज तुम्ही ऱ्हाऊ द्याल. उद्या दुसरं कुणी येईल, त्याला काय ठावं आत कोण हाय? अवो. ऐकलं का? सगळी गेली बघा. वल्हं ठिवा आता. लई बसलाव. उठा. माझ्या जिवाला काय होतंय ते मी बघते, तुम्ही उठा.

डोंगा :

डोंगा :

मार्तंड : टोपलीसारखा. अप्पा, एका हातानं फिरतोय हा!

गुरुपादप्पा : हात काढा त्याच्यावरचा. जरा वेळ तरी.

मार्तंड : बाई, कुठं निघालात? खराटा राहिला तुमचा.

नीलाबाई : ऱ्हाऊ द्या. चूल थंड हाय. पीठ मळायला पायजे, जास्तीचं.

मार्तंड : कुणासाठी?

गुरुपादप्पा : मास्तर, वाटंतून बाजूला व्हा.

मार्तंड : मी कुठे वाटेत आहे? बाई तर पलीकडून चालल्या.

गुरुपादप्पा : तरीबी व्हा.