बाबांच्या उजवीकडची जागा

हॅलो?… हॅलो, हो, आत्या, बोल… नाही गं, भांडी घासत होते. हात ओले आहेत, थांब, स्पीकरवर टाकते… नको, नको, बाबा बाहेरच्या खोलीतच आहेत. कानालाच लावते. बोल.

हो, आले फोटो. दुपारीच आले स्टुडिओतून… अगं पाठवते, दम धर की जरा! आधी ऐक तर.

हो, निळाच शर्ट. तू सांगितलेला… हो गं, इस्त्रीचा. कलपही लावला… काळाकुट्ट! कानाच्या पाळ्यांनाही लागला. घासून घासून कान लाल झाले बिचाऱ्यांचे. तुझं काय जातंय, तू तिथून उंटावरून शेळ्या हाकतेस, नाकी नऊ इथे माझ्या येतात.

हसले? कुठले हसतायत! फोटोवाला म्हणाला, 'काका, थोडं हसा.' तर त्यालाच म्हणाले, 'तुमचं चालू द्या.'… हो ना, तुझाच दादा तो.

नाही, घोडं तिथे नाही पेंड खात. हसायचं सोड. आत्या, ते कडेला बसलेत… अगं कडेला म्हणजे, लांब बाकडं होतं तिथे, त्याच्या पार टोकाला. त्यांच्या उजवीकडचं सगळं बाकडं रिकामं.

सांगितलं नसेल का त्याने! दहादा सांगितलं, 'काका, मधे सरका.' सरकायचे. तो कॅमेऱ्याला डोळा लावतोय तोवर हे परत टोकाला… मुद्दाम नाही गं. त्यांना कळतच नव्हतं. मी समोरच उभी होते ना. मलाही आधी हसूच आलं.

आणि मग एकदम लक्षात आलं… तू आमच्या घरातले फोटो आठव. कुठलाही आठव. माझ्या शाळेतला, तुझ्या नव्या घरातला… आई कुठे असते?… हं. उजवीकडे. कायम. बाबांचा डावा कान गेलेला, म्हणून ती उजवीकडेच बसायची आणि फोटो निघेपर्यंत काहीतरी पुटपुटत राहायची. म्हणून तर सगळ्या फोटोंत ते हसतायत… आणि आई गेल्यापासून त्यांचा एकही फोटो निघाला नव्हता, आत्या. हा पहिलाच. त्यांच्या दुसऱ्या लग्नासाठी काढलेला.

नाही, रडत नाहीये. सर्दी झालीय… बरं, रडतेय. रडू दे.

पुढचं ऐक ना. फोटोवाला वैतागला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. म्हणाला, 'काका, अजून कोणी यायचंय का?' आणि बाबा म्हणाले, 'हो.'

हॅलो?… आहेस ना?… हो. 'हो' म्हणाले. अगदी सहज. आणि तो थांबला की गं! कॅमेरा खाली घेऊन दाराकडे बघत उभा राहिला. बाबाही दाराकडेच बघतायत. शेवटी मला सांगावं लागलं, 'नाही, कोणी यायचं नाहीये. तुम्ही काढा.'… मला सांगावं लागलं, आत्या. त्यांच्यासमोर.

घरी आलो. जेवताना म्हणाले, 'तो मुलगा चांगला होता, उगाच खोळंबला.' बस, एवढंच.

हो… हो गं, पटतंय मला. मी पुढच्या महिन्यात परगावी नोकरीला गेले की या घरात त्यांना बोलायला भिंती. मी फोनवरून विचारणार, 'जेवलात का?' आणि ते न जेवता 'जेवलो' म्हणणार… म्हणून तर मीच त्यांचं नाव नोंदवलं ना लग्नाच्या साइटवर! ते तयार झाले तेही माझ्यासाठी. 'तू निर्धास्त जा,' म्हणाले. मी अशी कशी जाऊ, सांग… माहितीये गं, फोटो नसला की कोणी माहिती उघडूनसुद्धा बघत नाही.

हो, तसा करून दिलाय त्याने. रिकामी बाजू कापून. बाबा मधोमध… दिसतोय चांगला, पण त्यांचा उजवा हात त्या बाकड्यावर टेकलेला होता ना. तो मनगटापाशी तुटलाय… काय?… हात पुसून टाकायचा? आणि वर रंग भरायचा? भिंत आहे का ती!

बरं, बरं. नाही चिडत… हो, कळतं, तू त्यांच्या भल्याचंच सांगतेस. ठीक आहे, कापलेलाच टाकते. आत्ता टाकते, म्हणजे तुझ्याही जिवाला शांतता. थांब, हात पुसते. लॅपटॉप इथेच आहे ओट्यावर… हं, उघडला.

एक मिनिट हं… काय बाबा?… आत्या आहे फोनवर… तुम्ही कधीपासून उभे आहात दारात?… हे? ते… ते स्टुडिओतले. हा पूर्ण, आणि हा त्याने कापून दिलेला. बघा ना, चष्मा देऊ?

आत्या, थांब जरा. बाबा बघतायत.

कुठला?… हा? पण बाबा, यात बाजूला सगळं… बरं. बरं बाबा. तुम्ही बसा बाहेर, मी आलेच.

हॅलो… हो, गेले बाहेर… पूर्ण फोटोवर बोट ठेवलं त्यांनी. म्हणाले, 'कापू नकोस. जी येईल तिला आधीच दिसलेलं बरं.'

हो, तोच टाकते… हं, टाकला. नाही येणार कोणी, तर नाही येणार… आत्या? अगं, आता तू नको ना रडायला लागूस…

ठेवते मी. ते सोफ्यावर बसलेत, इथून दिसतायत… टोकाला, दुसरं कुठे! जाऊन बसते जरा त्यांच्याजवळ. मी इथे आहे तोवर तरी… हो गं, उजवीकडेच. ठेवते.