उघाडीचं दार

"उधाणाची भरती चढत होती नि हा मेला बांधावर दारू पिऊन आडवा! भरती आली की बांधातल्या उघाडीचं दार खाली पाडून पाणी अडवायचं, एवढंच याचं काम. खाडीचं पाणी सगळ्या गावाच्या भातात शिरलं गो!"

पेणच्या सरकारी दवाखान्यात धोंडुबाई कडाडली, तशी बाकावर शेजारी बसलेल्या मालतीबाईंनी पेपर मिटला.

"आता पीक?" पलीकडं बसलेल्या काशीबाईनं विचारलं.

"खारवलेल्या जमिनीत दोन-तीन वरसं दाणा नाय."

"मग गावानं याला कामावरनं काढला कसा नाय?"

"मागल्या खेपेला काढतच होते. मीच पाया पडले."

"नि आता?"

"आज सांजला बैठक हाय. म्हातारी परत पदर पसरणार, असं धरून चाललेत सगळे."

बाकाच्या टोकाला तिचा मुलगा रघू मान खाली घालून बसला होता. मांडीवर दारू सोडवायच्या औषधाची चिठ्ठी होती.

"आये, एकदाच सांग त्यांना. शेवटचं."

"सांगते ना. उघाडीचं काम सगुणाला द्या म्हणते."

"माझ्या बायकोला? गाव हसंल मला!"

"हसू दे. तिला भरती कळते नि ती शुद्धीत असते. तुला घरात भाकर हाय, औषध हाय, मी हाय. पण उघाडीच्या दाराला मी जिती असेतो तुझा हात लागायचा नाय, रघू."