बॅटरीवरचा अंगारा

ऐका. शेकोटीत अजून दोन चिपाडं सारा आणि ऐका. कुणाला बाहेर जाऊन यायचं असेल तर आत्ताच या. मागनं एकट्यानं जायचं धाडस होणार नाही, आणि सोबतीला मी येणार नाही.

आपला हिंदुराव गिरणीवाला, त्याची ही गोष्ट. भित्रा नव्हे, पण देवाला भिणारा माणूस. त्यानं दसऱ्याच्या तोंडावर शहरातनं जुनी मोटार आणली. पंधरा वर्षं वापरलेली. दार उघडं राहिलं की दिवा, पट्टा लावला नाही की दिवा, आणि वर टिंग टिंग घंटी!

आता खंडेनवमीला आपण काय करतो? विळा पुजतो, कुऱ्हाड पुजतो. हिंदुरावनं मोटारीचं बॉनेट उघडलं. बॅटरी म्हणजे गाडीचं काळीज, म्हणून तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सगळं पाणी तिच्यावर ओतलं. महिन्याभरानं बघतो तर काय, तारेच्या टोकावर पांढरं-हिरवं फुललेलं! गड्यानं हात जोडले. म्हणाला, "देवानं अंगारा दिला." रोज सकाळी चिमूटभर कपाळाला लावायचा. कपाळ चुरचुरायचं, तर म्हणायचा, "कडक हाय देव."

हसू नका. तुम्ही वेगळं काय केलं असतं?

बॅटऱ्या दुरुस्त करणारा इब्राहिम मेस्त्री, त्यानं एकदा बघितलं. म्हणाला, "हिंदुराव, अंगारा न्हवं, गंज हाय त्यो. गरम पाणी वत आन फडक्यानं पूस. न्हाईतर ऐन वक्ताला गाडी दगा देईल." पण पूजेचं पुसायचं कुणी? हिंदुराव नुसता मान हलवून घरी आला.

आणि मग एका रात्री फोन वाजला. त्याची लेक शालन, खिंडीपलीकडं दिलेली. दिवस भरलेले. तिची सासू बोलत होती. "इवाई, पोर अडलीया. हितं वाहन न्हाई. दवाखान्यात न्यायला हवी. बिगी बिगी या!"

हिंदुराव उठला. बायकोनं थर्मासात गरम पाणी भरून दिलं, लेकीला वाटेत घोटभर लागलं तर. म्हणाली, "धरणावरनं जावा. शेवरीच्या खिंडीतनं नगो." पण धरणावरनं तासभर जास्त. पोर तिकडं तळमळतीय, आणि बाप तासभर वळसा घालेल होय? गेला खिंडीतनंच.

खिंडीच्या पायथ्याला मीटरात लाल दिवा लागला. बॅटरीचा. लागला तर लागला. पुढं ब्रेकचा लागला. ब्रेक दाबून बघितला, ब्रेक चांगला. मग दाराचा लागला. उतरला, चारी दारं आपटून बघितली. बंद! पुन्हा बसला. आणि मग, ऐका हं, टिंग टिंग टिंग! शेजारच्या सीटचा दिवा. त्या सीटवर बसलेल्यानं पट्टा लावलेला नाही म्हणून.

शेजारच्या सीटवर कोण होतं? कुणी नव्हतं!

हिंदुरावनं तिकडं बघितलंच नाही. नाकासमोर बघत चालवत राहिला. पुढचे दिवे मंद झाले, लखकन पेटले, पुन्हा मंद झाले. आणि शेवरीच्या झाडाखाली, ऐन चढावर, इंजिन बंद. हँडब्रेक ओढून किल्ली फिरवली. टक्. फिरवली. टक्. बस्स.

इतक्यात काचेशी कुणीतरी वाकलं. घोंगडी पांघरलेला माणूस. तोंड दिसत नव्हतं.

"धक्का मारू का?"

अडल्या माणसाला काय हवं? हिंदुराव म्हणाला, "मार बाबा, उपकार होतील." हँडब्रेक सोडला. गाडी हलली. चालली की पुढं, सरसर! आणि मग त्याच्या ध्यानात आलं. अहो, गाडी चढावर चाललीय! एकटा माणूस अख्खी मोटार चढावर ढकलतो? आरशात बघितलं. मागं कुणी नाही. आणि गाडी वळतेय दरीकडं. स्टेअरिंग दगडासारखं घट्ट झालेलं. दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, देवाचं नाव घेतलं, आणि कठड्याच्या दगडाला टेकून गाडी थांबली.

खाली उतरला. चाकामागं धोंडा लावला. पळून जावं वाटलं, पण शालन डोळ्यापुढं आली. मोबाईलच्या उजेडात बॉनेट उघडलं. अंगारा आता मूठभर झालेला. थर्मास उघडला, तसा कानाशी आवाज आला. "पूजेचं पुसतोस? देव कोपंल की रं."

हिंदुरावला रडू फुटलं. पण म्हणाला, "कोपू दे. माझी पोर अडलीया." आणि ओतलं सगळं पाणी! फडक्यानं खसाखसा घासलं, तार पिळून घट्ट बसवली. किल्ली फिरवली. इंजिन गरजलं! मीटरातले दिवे एकेक करून विझले. बॅटरीचा, ब्रेकचा, दाराचा.

शेजारच्या सीटचा विझला नाही. खिंड उतरेपर्यंत टिंग टिंग चालूच. खिंडीखालचा ओढा ओलांडला आणि विझला.

शालनला दवाखान्यात नेलं ते धरणावरनं. नातू झाला. दोघं सुखरूप.

चार दिवसांनी इब्राहिम मेस्त्रीनं गाडी तपासली. म्हणाला, "भूत कसलं घेऊन बसलास? गंजानं तारेचा सांधा तुटत व्हता. वीज नीट पोचली न्हाई की मीटर काय बी दिवं लावतंय." खरं आहे त्याचं. मीही तेच म्हणतो. लाल दिवा लागला की आधी बॉनेट उघडा, मग मांत्रिक शोधा.

पण मग मेस्त्रीनं शेजारच्या सीटचा तो दिवा बघायला मीटर खोललं. आणि हिंदुरावला हाक मारून दाखवलं. पहिल्या मालकानं घंटीला कंटाळून त्या सीटची तार कधीच कापलेली. आणि दिव्याच्या जागी बल्बच नव्हता.

म्हणून सांगतो पोरांनो, शेवरीच्या खिंडीतनं रात्री जाऊ नका. धरणावरनं जा, तासभर गेला तर जाऊ दे. आणि नाइलाजानं जावंच लागलं, तर शेजारची सीट रिकामी ठेवू नका.