आठ दिवस पडून राहायचा बेत

तुम्ही कधी डॉक्टरांना हळू बोला म्हणून विनवलंय का? मी विनवलंय. वीस वर्षं ओट्याशी उभं राहून भाकऱ्या थापल्या, त्यात पायावरच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्या आणि शेवटी लेसर करायचं ठरलं. भीती वाटत होती, पण आठ दिवस अंथरुणावर पडायला मिळणार म्हणून मनातून मी खूशही होते. स्वयंपाकाला माळशिरसहून माझ्या मोठ्या नणंद, आक्का, मुद्दाम आल्या होत्या.

लेसर तासाभरात झालं. मांडीपर्यंतचा घट्ट मोजा चढवून डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, "उठा ताई, अर्धा तास फिरा. घरी जाऊन झोपून राहायचं नाही हां."

मी घाबरून म्हटलं, "डॉक्टर, जरा हळू बोला की. बाहेर नणंद बसल्यात."

तोवर आक्का दारात हजर. "समदं ऐकलंय मी. डॉक्टर, मग ही उद्यापास्नं भाकऱ्या करील न्हवं?"

मी आशेनं डॉक्टरांकडं बघितलं.

"ओट्याशी उभं राहून? मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले. "भरपूर चालायचं, पण एका जागी फार वेळ उभं राहायचं नाही."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि त्या हसायलाच लागल्या. "लई शानी हायेस! पडून ऱ्हायचं हुतं, तर मला सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सात रस्ता चौकापर्यंत चालून आले आणि आक्कांनी केलेली गरम भाकरी बसून खाल्ली.