माहेरचं रक्त

माझ्या बायकोला, नंदाला रक्ताचा कॅन्सर असल्याचं कळलं, त्याच दिवशी मी तिच्या माहेरच्या रक्ताला दोष दिला. परवा तिच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी दवाखान्यात रांगेत होतो. पुढे एक म्हातारी आणि रिपोर्ट घेतलेला तिचा मुलगा.

"सुनेनं माहेरूनच आणला ना हा रक्ताचा कॅन्सर?"

"नाही माय. डॉक्टर म्हणे, तिचा एक जीन मोठेपणी बिघडला."

"एक बिघडल्यानं असं का होते?"

"नवेगावच्या तलावाचं गेट पाह्य. गेटवाला बिघडला तं चांगलं पाणीबी धानाच्या भलत्याच बांधीत जाते. हा जीन तसाच. बाकीचे जीन कधी उघडाचे, कधी बंद कराचे, त्याच्याच हाती."

"मंग तिच्या मायबापाचा दोष नाही?"

"नाही. अन् तू टोमणे मारून राहिली."

"गप रे, गेटवाल्या. तिच्या मायले फोन लाव."

नंदाच्या आईची मी अजून माफी मागितलेली नाही.